टाचेची शीर, पोटरीची ताकद आणि मोजून बांधलेला पट्टा

मी बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. एरवी तुमच्याशी बोलते ते हप्ते, व्याज आणि बँकेच्या कागदांबद्दल. आजचा विषय मात्र वेगळा आहे. टाचेची शीर तुटली, डॉक्टरांनी ती शिवली, त्यानंतर पायात ताकद परत कशी आणायची, हा तो विषय. त्यासाठी हल्ली फिजिओथेरपीत एक पट्टा वापरतात. तो काय असतो, कुणासाठी असतो आणि कुणी त्याच्या वाटेला जाऊ नये, तेही सांगते. मी डॉक्टर नाही. आमच्या एका गटातल्या मावशींबरोबर दवाखान्यात जात होते, तेव्हा विचारून आणि वाचून जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी ही 'शीर' काय ते पाहू. आपण गावात सगळ्यालाच शीर म्हणतो. रक्त वाहतं ती शीर, मुंग्या येतात ती शीर, आणि टाचेच्या वर मागच्या बाजूला दोरखंडासारखं कडक लागतं तीही शीर. ही शेवटची रक्ताची शीर नाही. तिला कंडरा म्हणतात, इंग्रजीत टेंडन. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट दोर. आत्ता बसल्या जागी टाचेच्या वर चिमटीत धरून बघा आणि पंजा खालीवर करा. हाताला लागेल. पोटरी ओढते, दोर ताणला जातो आणि टाच उचलते. चालताना, घागर घेऊन चढ चढताना, फळीवरचा डबा काढायला चवड्यावर उभं राहताना हाच दोर काम करतो. शरीरातली सगळ्यात जाड आणि मजबूत कंडरा हीच. डॉक्टर तिला अकिलीस टेंडन म्हणतात.

खेळाडूंची ही कंडरा पळताना, उडी मारताना तुटते. आपल्या बायकांच्या बाबतीत कारणं वेगळी असतात. शौचालयाचं भांडं तडकलेलं असतं, पाय घसरतो, टाच आत जाते आणि फुटक्या कडेनं मागून कापलं जातं. मोटारसायकलवर एका बाजूला बसलेलं असताना पाय चाकाच्या तारांत जातो. कधी विळा लागतो, कधी कोयता, कधी पत्रा. वरून जखम दोन बोटांची दिसते, पण आतला दोर तुटलेला असतो. म्हणून घरातलं भांडं तडकलं असेल तर ते आधी बदलून घ्या. आणि टाचेच्या मागं खोल कापलं असेल, चवड्यावर जोर देता येत नसेल, तर हळद भरून, फडकं बांधून घरी बसू नका. अशा वेळी नुसती वरची कातडी शिवून भागत नाही. 'आतली कंडरा तपासली का?' असं डॉक्टरांना सरळ विचारा.

आता मुद्द्याकडे येते. कंडरा शिवायला डॉक्टरांना फार वेळ लागत नाही, पण ती भरून यायला महिने लागतात. कंडरेला रक्ताचा पुरवठा मुळातच कमी असतो, म्हणून ती स्नायूसारखी भराभर भरत नाही. आधी पंजा खाली झुकवून प्लास्टर किंवा पट्टी असते. मग हळूहळू पाय सरळ करत नेतात. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी प्लास्टर किंवा बूट निघतो. तेव्हा घरचे म्हणतात, 'टाके निघाले, प्लास्टर निघालं, आता बरी झाली.' तेव्हा कंडरा नुकत्या गिलावा केलेल्या भिंतीसारखी असते. वरून सुकलेली दिसते, आत अजून ओली असते. तिच्यावर भार टाकला तर ती ताणून लांब होते किंवा पुन्हा तुटते. पहिल्या तीन महिन्यांत ही भीती सगळ्यात जास्त. पूर्ण ताकद यायला सहा महिने ते वर्ष लागतं.

तोवर पोटरीचं काय होतं? ती वाळते. स्नायू वापरला नाही तर काही दिवसांतच बारीक व्हायला लागतो. आमच्या मावशींचं प्लास्टर निघालं तेव्हा फिजिओ मॅडमनी टेपनं मोजलं, दुखरी पोटरी तीन सेंटिमीटरनं बारीक झाली होती. सून म्हणाली, 'आत्या, पाय कुणा दुसऱ्याचाच वाटतोय.'

इथं खरा पेच आहे. स्नायू जोमानं वाढायचा तर त्याला वजन लागतं. एखादी बाई एका वेळी जास्तीत जास्त १० किलो उचलू शकत असेल, तर ताकद वाढायला साधारण ६ ते ७ किलोचा व्यायाम हवा. पण शिवलेल्या कंडरेवर एवढं वजन टाकायची सोय नसते. वजन टाकलं तर कंडरा धोक्यात, नाही टाकलं तर पोटरी वाळते. बाई लंगडत राहते ती बऱ्याचदा या मधल्या काळामुळे.

त्यासाठी हा पट्टा आला. त्याचं इंग्रजी नाव ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन, थोडक्यात बीएफआर. म्हणजे रक्ताचा वाहता प्रवाह काही मिनिटांसाठी मोजून कमी करायचा आणि तेवढ्यात हलका व्यायाम करायचा.

ही पद्धत जपानमधून आली. योशिआकी सातो नावाचे गृहस्थ १९६६ साली एका बौद्ध विधीला बराच वेळ गुडघे मोडून बसले होते, आपण वज्रासनात बसतो तसे. त्यांच्या पोटऱ्या भरून आल्या. भरपूर व्यायाम केल्यावर येतात तशा. पाय दुमडल्यामुळे रक्त अडलं म्हणून असं झालं असेल, असा विचार करून ते पट्टे बांधून स्वतःवरच प्रयोग करत राहिले. १९७३ साली बर्फावर स्कीइंग करताना त्यांचा घोटा मोडला आणि गुडघ्यालाही इजा झाली. पाय प्लास्टरमध्ये असताना त्यांनी मांडीला पट्टा आवळणं आणि सोडणं चालू ठेवलं. पाय वाळायला हवा होता तेवढा वाळला नाही. या पद्धतीला त्यांनी 'कात्सू' नाव दिलं. पुढं अमेरिकेत सॅन अँटोनियो शहरातल्या लष्करी केंद्रात जखमी सैनिकांसाठी ती वापरली गेली, आणि तिथून फिजिओथेरपीत पसरली.

पट्टा बांधल्यावर आत काय होतं, ते पाटाच्या पाण्यावरून समजून घ्या. वाफ्यात पाणी यायची वाट थोडी बारीक केली आणि बाहेर जायची वाट बंद केली, तर वाफा भरतो. पट्टा तेच करतो. हृदयाकडून पायाकडे येणारं रक्त थोडं कमी होतं, पण चालू राहतं. पायाकडून परत जाणारं रक्त अडतं. पोटरीला प्राणवायू कमी पडतो. मग हलक्या व्यायामातसुद्धा स्नायू लवकर दमतो, आणि एरवी जड ओझं उचलतानाच कामाला लागणारे त्याचे जाड तंतू आता २ किलोलाही कामाला लागतात. स्नायूला वाटतं मोठं ओझं उचललं, आणि कंडरेवर ताण पडतो तो हलक्याच वजनाचा. दहा किलोच्या हिशेबात २ ते ३ किलोवर काम भागतं.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हा पट्टा कंडरा लवकर भरून आणत नाही. कंडरेचं वेळापत्रक कंडरेचंच असतं, ते कुणाच्या हातात नाही. पट्ट्यानं एवढंच होतं की कंडरा तयार होईपर्यंत पोटरीची ताकद फार जात नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आणि गुडघेदुखीत या पट्ट्याचा अभ्यास बराच झालाय. टाचेच्या कंडरेसाठी अनुभव अजून थोडा आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी जो अनुभव छापला तो दोनच रुग्णांचा होता. दोघांनाही फायदा झाला. पण दोन म्हणजे दोनच. म्हणून 'पट्टा बांधला की पाय बरा' असं कुणी सांगत असेल तर तिथं पैसे मोजू नका.

आता आमच्या मावशींची हकिकत सांगते. वय अठ्ठेचाळीस. फुटक्या भांड्यानं टाच कापली, शस्त्रक्रिया झाली, आठ आठवड्यांनी प्लास्टर निघालं. मुलानं फोनवर व्हिडिओ पाहिला. त्यात एक पैलवान दंडाला पट्टा आवळून व्यायाम करत होता. मुलगा आईच्या काळजीपोटी म्हणाला, 'आई, सायकलची ट्यूब आहे घरात, ती मांडीला आवळू, पाय लवकर भरेल.' मावशी शहाण्या. गटाच्या बैठकीत त्यांनी विचारलं, 'बांधू का गं ट्यूब?' त्यामुळे आम्ही सगळ्याजणी या विषयात शिरलो.

उत्तर होतं नाही. अजिबात नाही. का ते ऐका.

पहिलं कारण, ट्यूब, दोरी, नाडा, पदराची चिंधी, यांचा दाब मोजता येत नाही. दवाखान्यातला पट्टा रुंद असतो, बीपी मोजताना दंडाला बांधतात तसा, आणि त्यात हवेचा दाब आकड्यात दिसतो. आधी यंत्र लावून किती दाबाला पायाची नाडी पूर्ण थांबते ते बघतात. मग त्याच्या ४० ते ८० टक्केच दाब देतात. प्रत्येक बाईचा हा आकडा वेगळा, कारण मांडीची जाडी वेगळी आणि बीपी वेगळं. दुसरं कारण, अरुंद दोरी एका रेषेत रुतते. तिनं संवेदनेची नस दबते, पाय बधिर होतो, कातडीला इजा होते. तिसरं कारण सगळ्यात गंभीर. शस्त्रक्रियेनंतर, प्लास्टरमध्ये पाय बरेच दिवस स्थिर राहिल्यानं पायात रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. दवाखान्यात पट्टा लावण्याआधी ही शंका तपासतात. घरात ट्यूब आवळणाऱ्याला ती दिसत नाही.

याच निमित्तानं आणखी एक सांगते. साप चावल्यावर वर करकचून दोरी बांधायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. तीही बंद करा. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. अवयव हलू न देता माणसाला लवकर दवाखान्यात न्या.

तर आम्ही मावशींना घेऊन शहरात फिजिओ मॅडमकडे गेलो. त्यांनी पट्टा काढलाच नाही. आधी बीपी मोजलं. वरचं १६०, खालचं १००. मावशींना कधी माहीतच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, 'मावशी, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन गोळ्या सुरू करा. बीपी खाली आल्याशिवाय पट्टा नाही.' मावशी हिरमुसल्या. पण महिनाभर गोळ्या घेतल्या आणि मॅडमनी दिलेले साधे व्यायाम घरी रोज केले. खुर्चीवर बसून टाच उचलणं, पंजा गोल फिरवणं, हलक्या रबराला पंजानं दाबणं. महिन्यानं बीपी आटोक्यात आलं. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली. मग पट्टा सुरू झाला.

पहिल्या दिवशी मी सोबत होते. पट्टा बांधला तो मांडीच्या वरच्या भागाला, पोटरीला नाही. घोट्यापाशी एक छोटं यंत्र धरलं, त्यातून नाडीचा फुस्‌फुस्‌ आवाज येत होता. आवाज कुठं थांबतो ते मॅडमनी पाहिलं आणि दाब त्याच्या खाली आणला. मावशी खुर्चीत बसल्या आणि टाच उचलू लागल्या. ३० वेळा. मग अर्धा मिनिट थांबायचं. मग १५, थांबायचं. पुन्हा १५, थांबायचं. पुन्हा १५. सगळे मिळून ७५. बीएफआरच्या अभ्यासकांनी २०१९ साली जी मार्गदर्शक सूत्रं छापली, त्यात हाच हिशेब आहे. शेवटी शेवटी मावशींची पोटरी आतून पेटल्यासारखी झाली. 'ऊस तोडल्यावर होतं तसं होतंय,' त्या म्हणाल्या. मॅडम सारखं विचारत होत्या, मुंग्या येतात का, पंजा बधिर वाटतो का, चक्कर येते का. ७५ झाले की पट्टा लगेच सोडला. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. असं आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे.

आता हे कुणासाठी नाही, ते नीट ऐका. शेजारणीलाही सांगा. ज्यांना पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे. ज्या गरोदर आहेत. ज्यांचं बीपी आटोक्यात नाही, हृदयविकार आहे. ज्यांच्या पायावरच्या शिरा फुगलेल्या, गाठी झालेल्या आहेत. ज्यांना मधुमेह होऊन पायाची संवेदना किंवा रक्तपुरवठा कमी झालाय. ज्यांची जखम अजून भरलेली नाही. ज्यांना कर्करोग आहे, किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या आहेत, त्यांनी त्या हातासाठी. पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण त्या गोळ्यांनी गुठळीची शक्यता वाढते. हे सांगताना लाजू नका.

आणि नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर या भागातल्या आदिवासी मैत्रिणींनो, तुमच्यासाठी एक खास गोष्ट. सिकल सेलचा आजार असेल किंवा तुम्ही सिकल सेलच्या वाहक असाल तर ते आधीच सांगा. प्राणवायू कमी झाला की सिकल सेलमध्ये रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन अडकतात. हा पट्टा नेमका प्राणवायूच कमी करतो. तपासणी झाली नसेल तर आरोग्य केंद्रात करून घ्या. आशाताईंना विचारा, त्या सांगतील.

धोक्याच्या खुणा पट्टा लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या सगळ्यांनीच लक्षात ठेवाव्यात. शस्त्रक्रियेनंतर एकच पोटरी सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखली, तर त्याच दिवशी दवाखाना. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर लगेच १०८ ला फोन करा. व्यायामानंतर स्नायू भयंकर दुखले आणि लघवी काळपट चहासारखी झाली, तरी थांबू नका. पंजा निळा किंवा गार पडला तरी नाही.

आता पैशाचं आणि वेळेचं. हा पट्टा सगळीकडे नसतो. तुमच्याकडे नसेल तर नशीब फुटलं असं समजू नका. पट्टा हा जोडीचा आहे. मुख्य काम रोजचे व्यायाम करतात, आणि ते ठरलेल्या क्रमानं, फिजिओला विचारून वाढवत न्यायचे असतात. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या.

पण खरी अडचण तिकिटाची नव्हती. मावशींच्या घरी काका म्हणाले, 'आठवड्यातून दोनदा शहरात कशाला? चालता येतंय की.' यात काकांचंच चुकलं असं मी म्हणणार नाही. बाई चुलीपर्यंत चालत गेली की ती बरी, असं आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात बसलंय. पुरुषाचा पाय मोडला तर त्याला सहा महिने कुणी नांगर धर म्हणत नाही. बाईच्या हातात आठव्या आठवड्यात घागर येते. फिजिओ मॅडम म्हणाल्या, व्यायाम अर्ध्यावर सोडणाऱ्यांत बायाच जास्त दिसतात, आणि विचारलं तर एकच उत्तर येतं, 'वेळ नाही.'

म्हणून आमच्या गटानं बैठकीत ठराव केला आणि तो वहीत लिहिला. सहा महिने मावशींच्या घरचं पाणी दोघी-दोघींनी पाळीनं भरायचं. बैठक त्यांच्या ओसरीवर घ्यायची. शहरात जायच्या दिवशी एक जण सोबत जाईल. येण्याजाण्यासाठी गटातून छोटं कर्ज दिलं आणि हप्ता तीन महिने पुढं ढकलला. काकांशी बोलायला गटाच्या अध्यक्षा गेल्या. त्यांनी भांडण केलं नाही. 'आत्ता सहा महिने दिलेत तर पुढची वीस वर्षं ती तुमच्याबरोबर रानात येईल,' एवढंच म्हणाल्या. काकांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः मावशींना स्टँडवर सोडलं.

आज शस्त्रक्रियेला नऊ महिने झाले. पोटरीतला तीन सेंटिमीटरचा फरक दीडवर आलाय. धड पायावर मावशी २० वेळा चवड्यावर उभ्या राहतात, शिवलेल्या पायावर ६ वेळा. मॅडम म्हणतात, चांगली प्रगती आहे, अजून तीन-चार महिने सोडू नका. यंदा मावशी ऊसतोडीला गेल्या नाहीत. घरात त्याची ओढाताण झाली, ते मी लपवत नाही. पण त्या लंगडत नाहीत. आणि बीपीची गोळी रोज घेतात, ती तर या पायानंच मिळवून दिली.

मैत्रिणींनो, कागद घ्या आणि पाच प्रश्न लिहून ठेवा. तुमच्या नाहीतर शेजारच्या घरात असं काही झालं तर डॉक्टरांना आणि फिजिओला हे विचारा. कंडरा पूर्ण तुटली होती की अर्धी? किती आठवडे पायावर भार टाकायचा नाही? व्यायाम कधी सुरू करायचा आणि कोणता? माझं बीपी, साखर, सिकल सेल तपासलंय का? पट्टा वापरणार असाल तर दाब मोजून लावणार का? उत्तरं त्याच कागदावर लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर गटातल्या पोरीला सोबत न्या.

आणि पुढच्या बैठकीत एक विषय घ्या. आपल्या गटात कुणाची शस्त्रक्रिया झाली तर तिचे व्यायामाचे महिने आपण कसे सांभाळायचे? पाणी कोण भरेल, सोबत कोण जाईल, हप्त्याचं काय? आधीच ठरवून वहीत लिहून ठेवा. वेळ आल्यावर ठरवायला बसलं की तोवर त्या बाईच्या हातात घागर आलेली असते.

तुमच्या गटात काय ठरलं ते केंद्रावर जरूर कळवा.